वर्षाचा शब्द आणि फेब्रुवारीचं दूध

बँकेतून रिटायर झालेल्या माणसाचं करायचं काय, हा प्रश्न त्या माणसापेक्षा घरच्यांना जास्त छळतो. आमच्याकडे तो ३१ डिसेंबरच्या रात्री, गराडू (आमच्या इंदूरकडचा थंडीतला कंद) तळता तळता सूनबाईने सोडवला.

"बाबा, यंदा संकल्प नाही करायचा. यंदा एक शब्द घ्यायचा."

माझ्या संकल्पांचा इतिहास तिला ठाऊक होता. नेहरू पार्कात रोज पहाटे फिरण्याचा संकल्प मी सलग अकरा वर्षं केला आणि अकराही वर्षं तो संक्रांतीच्या आत निकालात निघाला. शब्दाचं तसं नसतं म्हणे. वर्षभरासाठी एकच शब्द निवडायचा, वहीत तो मोठा चितारायचा, त्याच्याभोवती रंग, कात्रणं, टिकल्या लावायच्या आणि दर महिन्याला त्यावर चार साध्या ओळी लिहायच्या. याला आर्ट जर्नल म्हणतात. जर्नल म्हटलं की छत्तीस वर्षांच्या सवयीने मला नावे आणि जमा एवढंच दिसतं. पण गराडू गरम होते, मी हो म्हणून बसलो.

मुलाने "फोकस" हा शब्द घेतला, मोबाइलवरून नजर न काढता. हिने "शांतता" घेतला आणि तो स्वयंपाकघरातून अशा आवाजात जाहीर केला की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी टीव्ही बंद केला. मी "पुरे" म्हणालो. तो नापास झाला, शब्द पॉझिटिव्ह हवा म्हणून. मग "चाललंय" म्हणालो. तो शब्द नाही, तक्रार आहे, असं हिचं मत पडलं.

इथे एक सांगायला हवं. सूनबाई उज्जैनची, माहेरची भाषा हिंदी. आमच्याकडे येऊन मराठी छान शिकली. आम्हा इंदूरकरांची मराठी जितपत छान असते तितपत. पुण्याच्या पाहुण्यांसमोर मीसुद्धा "मला माहीत पडलं" म्हणतो आणि ते सभ्यपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. पण शब्द वर्षभर मिरवायचा असला की दोन भाषांच्या घरात खरी पंचाईत होते.

"शिक्षा ठेवा ना, बाबा," ती म्हणाली. "रिटायरमेंटनंतर शिक्षा. किती सुंदर!"

हिंदीत ते शिक्षण होतं. मराठीत काय होतं ते घरातल्या उरलेल्या तिघांना ठाऊक होतं. "ती चालूच आहे," मी म्हणालो. स्वयंपाकघरात झारा आपटला.

मग तिने "राग" सुचवला. मी कधीकाळी पेटी वाजवायचो, हे तिच्या लक्षात होतं. ते खातं घरात आधीपासून दुसऱ्याच्या नावावर आहे, असं मी हळू आवाजात सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "चेष्टा. म्हणजे कोशिश. करत राहायची, बस्स." तिचा उजळलेला चेहरा पाहून मला अर्थ समजावून सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिने सोनेरी चमकी लावून "चेष्टा" रंगवला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पुण्याहून ताईचा फोन.

"कुणाची रे?"

"माझी."

"ते दिसतंच आहे," म्हणाली आणि ठेवला.

सामानासाठी खजुरी बाजार गाठला. शाळेची पुस्तकं, नंतर मुलाची पुस्तकं, सगळी तिथलीच, त्यामुळे मी घरच्यासारखा आत शिरलो. बाहेर येताना परका होतो. दुकानदाराने आधी विचारलं, "कितने जीएसएम का?" कागदाचा एक चौरस मीटर तुकडा तराजूत घातला तर जितके ग्रॅम भरेल तो त्याचा जीएसएम. झेरॉक्सचा कागद सत्तर-ऐंशीचा, आणि पाणी-रंग-गोंद सोसायला लागतो तीनशेचा. शेव मी आयुष्यभर वजनावर घेतली, कागद पहिल्यांदाच. मग जेसो. जेसो म्हणजे कागदाची पुट्टी: भिंतीला रंगाआधी मारतात तशी कागदाला मारायची, की रंग आत मुरत नाही. आणि वाशी टेप, म्हणजे फुलाफुलांची जपानी कागदी चिकटपट्टी. "सर, ये आराम से निकल जाता है," दुकानदार कौतुकाने म्हणाला. न चिकटणं हा ज्या चिकटपट्टीचा गुण आहे तिचे एवढे पैसे? मी बिलाचा अंदाज घेतला, "विचार करून सांगतो" म्हटलं आणि पोहे खाऊन घरी आलो.

घरी दिवाळीत फुकट मिळालेली एक जुनी डायरी होती. फेव्हिकॉल होता. पुट्टीसुद्धा होती, पण तिथवर गेलो नाही. सूनबाईने मोबाइलवर दाखवलं होतं की कागद चहाच्या पाण्यात भिजवला की जुन्या पोथीसारखा दिसतो. मी उरलेला चहा वापरला. त्यात दूध होतं. वर फेव्हिकॉल, वर कात्रणं, वर टिकल्या (इंदूरकर ज्या हाताने पोह्यांवर शेव टाकतो त्याच हाताने). वही मिटून, वर पाटा ठेवून झोपलो. सकाळी १४ जानेवारी ते २ फेब्रुवारी ही पानं मिळून एकच पान झालं होतं, आणि त्याला आंबूस वास येत होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कचरा गाडीचं गाणं वाजलं. मी वही पदराआड लपवावी तशी पिशवीत घालून खाली गेलो. पण हे इंदूर. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि मग तो नंबर सोडायलाच तयार नव्हतं. ते काय उगीच? ओला वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, घातक कचरा वेगळा. गाडीवरच्या मुलाने वही दोन बोटांत धरून उलटसुलट बघितली.

"अंकल, ये गीला है कि सूखा?"

"आत्ता गीला आहे. संध्याकाळपर्यंत सूखा होईल."

"तो सुखा के कल लाना. और ये टिकली निकाल के, वो प्लास्टिक में जाएगी."

दुपारभर बाल्कनीत बसून मी नखाने टिकल्या सोलल्या. समोरच्या वहिनींनी विचारलं, काय करताय? "चेष्टा," मी म्हणालो. शब्द पहिल्यांदा मनापासून वापरला तो तेव्हा.

हे पाहून सूनबाई स्वतः जाऊन तीनशे जीएसएमची वही घेऊन आली. वर शेजारच्या काकांनी ऐकवलं, "अहो, इंदूरचे तुम्ही! चित्रकार बेंद्रे याच गावचे, हुसेन इथेच लहानाचे मोठे झाले. चिंचाळकर गुरुजी तर वाळक्या पानांतून आणि काटक्यांतून चेहरे काढायचे." गुरुजी काढायचे, खरं आहे. पण मी पान आणलं तर त्यातून झाडाचं पानच निघतं.

कवितेचं म्हणाल तर सूनबाईने सोपे प्रकार दिले होते. पहिला: छापील कागदावर काळा मार्कर फिरवायचा आणि मोजके शब्द उघडे ठेवायचे, ती कविता. हाताशी विजेचं बिल होतं. उरलं ते असं: "प्रिय उपभोक्ता / अंतिम तिथि / कृपया." मला स्वतःलाच गलबलून आलं. मुलाला वेगळ्या कारणाने आलं, कारण बिल भरायचं राहिलं होतं.

दुसरा: शब्दाचं एकेक अक्षर घेऊन त्यापासून ओळ सुरू करायची. "शांतता" घेतलेल्या हिला तीन अक्षरं मिळाली, त्यातली दोन एकसारखी. मला दोनच: चे आणि ष्टा. आता मराठीत "ष्टा"पासून काय सुरू होतं? दोन दिवस मी शब्दकोश चाळला. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना आजोबांचे जुने कागद आठवले, ज्यात ष्टेशन, ष्टोव्ह असं लिहिलेलं असे. टॉवेलवरच बाहेर आलो आणि लिहिलं:

चेक परत आला, सही जुळली नाही;
ष्टांप तेवढा स्पष्ट, बाकी काही नाही.

"बाबा, किती डीप आहे!" सूनबाई म्हणाली. ते डीप नव्हतं, १९९४ सालच्या क्लिअरिंगमधलं होतं. पण कवीने प्रत्येक वेळी खुलासा करू नये.

तिसरा हायकू. कवयित्री शिरीष पैंनी तो मराठीत रुजवला, एवढं मला माहीत होतं. सूनबाईने पाच-सात-पाच अक्षरांचा हिशेब सांगितला आणि मी खूश झालो. अक्षरं मोजणं म्हणजे कॅश मोजणं. मार्च लागला होता. कोलाजसाठी आकडे हवे होते म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान काढलं. गेलेला महिना, कुणाच्या कामाचा? सगळे चौकोन नीट कापले, वहीत वेड्यावाकड्या क्रमाने चिकटवले. चौदा तारखेवर गोंदाचा थेंब पडला, तो झाकायला वर एक लाल फूल काढलं.

चौकोनांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी होतं. "१", "१॥", "नाही". मला वाटलं, छपाईतलं.

५ तारखेला दूधवाला भैया पैशांना आला. ही कॅलेंडरकडे गेली. पुढचं मी लिहीत नाही. हिच्या वर्षाच्या शब्दाचा मान राखायला हवा. एवढंच सांगतो की त्या दुपारी हायकू आपोआप सुचला:

कात्री चालली
दुधाचा हिशेबही
कवितेमध्ये

शेवटी वही दारात आली. हिने चष्मा लावून चौकोन तारखेच्या क्रमाने शोधून काढले, भैया उभ्या उभ्या बोटांवर बेरीज करत होता. चौदाला दोघंही अडले.

"माताजी, इस पे तो फूल बना है."

"फूल म्हणजे नाही घेतलं," ही ठामपणे म्हणाली.

"हमारे हिसाब से फूल मतलब दो लीटर. कोई मेहमान आए होंगे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. चित्राचा अर्थ चित्रकाराला विचारू नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं. ते इथे बोलून दाखवलं नाही. "एक लिटर," मी म्हणालो. छत्तीस वर्षं तडजोडीच करत आलोय.

तेव्हापासून ही दुधाचा हिशेब थेट माझ्या वहीत लिहिते, सोनेरी "चेष्टा"च्या खाली. तीनशे जीएसएमचं पान आहे, ओल्या हाताने लिहिलं तरी शाई फुटत नाही, म्हणते.