आधी यंत्र की आधी माणूस?

गेल्या महिन्यात सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. विश्रामबागेतल्या त्याच्या मित्रमंडळाने विशेष मुलांच्या एका शाळेला वर्गणीतून मानवाकृती यंत्रमानव घेऊन द्यायचे ठरवले असून त्यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. "दादा, तू तिकडे राहतोस, तूच सांग," असे तो म्हणाला.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायरच्या विद्यापीठात २००५ पासून कॅस्पर हा लहान मुलाएवढा यंत्रमानव स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी घडवला गेला. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवला आहे, कारण माणसाच्या चेहऱ्यावरचे क्षणाक्षणाला बदलणारे भाव वाचताना यातल्या अनेक मुलांचा गोंधळ उडतो. कोणी जोरात चिमटा काढला तर तो 'दुखलं' असे सांगतो आणि शंभराव्या वेळीही त्याच सुरात सांगतो. एवढा संयम आमच्या घराण्यात तरी कोणाकडे नाही. त्यामुळे 'हे महागडे खेळणे आहे' म्हणणारा तट मला पटत नाही.

मात्र कॅस्परच्या बाजूला मोठे माणूस बसलेले असते आणि अनेकदा त्याच्या हालचालींची बटणेही तेच दाबते. येल विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात १२ मुलांच्या घरी महिनाभर यंत्रमानव ठेवला होता. तिथेही रोजच्या अर्ध्या तासाला पालक सोबत असत. मुलांचे इतरांच्या नजरेचा रोख ओळखणे सुधारले, पण यंत्र परत गेल्यावर तो परिणाम काहीसा ओसरला. मिरजेची सतार दिवाणखान्यात आणून ठेवली म्हणून घरात कोणी वाजवू लागत नाही, हे सांगलीकरांना मी सांगायला नको.

म्हणून वर्गणीतून आधी वाचा-उपचार तज्ज्ञाचा दोन वर्षांचा पगार द्यावा, असे मी सुचवले. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पण पगारावर देणगीदारांच्या नावाची पाटी कुठे लावायची?"

यंत्र घ्यायचेच असेल, तर ते बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येणार हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे, कारण जगभरच्या अशा प्रयोगांत वापरला गेलेला नाओ हा यंत्रमानव बनवणारी फ्रान्सची अल्देबारान कंपनीच २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. शिवाय आज्जीच्या तोंडून दिवसभर "काय करालायस रं?" ऐकणाऱ्या मुलाशी ते कोणत्या भाषेत बोलणार, हेही खरेदीपूर्वी शाळेतल्या बाईंना ऐकवून घ्यावे.