केनियातली भेग म्हणजे नवा महासागर नव्हे

“आफ्रिका दुभंगली! या भेगेत समुद्र शिरणार, आपल्या डोळ्यांदेखत नवा महासागर!” हा मजकूर 2018 च्या मार्चमधल्या केनियातल्या फोटोंसह अजूनही फिरतोय. फोटो खरे आहेत, अर्थ चुकीचा लावलाय.

आधी ती भेग. माई माहिऊ–नारोक रस्ता खचला तो मुसळधार पावसानंतर. फोटो मोठा करून भेगेच्या कडा बघा: दोन्हीकडे भुसभुशीत माती. ही ज्वालामुखीची जुनी राख. पावसाचं पाणी तिला आतून पोखरत गेलं आणि वरची जमीन बसली. खाली जुनी फट असेलही, पण त्या दिवशी खंड फाटला नव्हता.

“डोळ्यांदेखत” तर नाहीच. इथिओपियात दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, वर्षाला साधारण 6-7 मिलीमीटरने दूर जातात, केनियाकडे त्याहून कमी. म्हणजे शंभर वर्षांत पाऊण मीटरही नाही. कुणी म्हणेल, 2005 मध्ये इथिओपियाच्या अफार भागात दब्बाहू ज्वालामुखीपाशी जमीन काही दिवसांत 8 मीटरपर्यंत फाकली, त्याचं काय? खरंय, सुमारे 60 किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात. पण तो शतकानुशतकं साठलेला ताण होता, आणि मोकळी झालेली जागा खालून चढलेल्या शिलारसाने भरली.

खरी चूक इथेच आहे. महासागर म्हणजे खड्ड्यात शिरलेलं पाणी नव्हे, त्याला नवा तळ लागतो. तो कसा बनतो ते कुकरवरून कळतं. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही दाबामुळे उकळत नाही. वाफ सोडली की खदखदतं. तसंच जमिनीखाली: भूकवच ताणून पातळ झालं की खालचा तप्त खडक वर सरकतो, दाब उतरतो, आणि जास्तीची उष्णता न मिळताही तो थोडाथोडा वितळतो. तो रस फटीत गोठला की बेसॉल्ट, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. पुन्हा फट, पुन्हा बेसॉल्ट. याला वेळ किती लागतो? तांबडा समुद्र फाकायला लागला सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या दक्षिण भागातला खरा सागरतळ जेमतेम 50 लाख वर्षांचा.

आणि आफ्रिका तुटणारच, हेही ठरलेलं नाही. प्राणहिता-गोदावरीचं खोरं अशीच एक खचदरी, म्हणजे कवच ताणून खचलेली दरी, अर्ध्यावर थांबलेली. तिथे समुद्र झाला नाही, गाळ साचत गेला. चंद्रपूरचा कोळसा त्याच गाळातला.