न केलेल्या गुन्ह्याची कैद

पुढे गुन्हा करेल एवढ्या अंदाजावर कुणाला शिक्षेपेक्षा जास्त काळ डांबू नये, या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: विमा कंपनी धोका मोजते, डॉक्टर मोजतो, मग न्यायव्यवस्थेने मोजला तर बिघडलं कुठे? एखादीचा जीव वाचत असेल, तर गुन्हेगार चार वर्षं जास्त आत राहिला म्हणून एवढा आकांत कशाला?

प्रश्न रास्त आहे, पण जरा आकडेमोड करून बघा. समजा, सुटायला आलेले १००० कैदी आहेत आणि त्यातले ५० पुढे खरंच गंभीर गुन्हा करणार आहेत. आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे असं धरू. ती ५० पैकी ४० जणांना बरोबर हेरेल. ते ४० गुन्हे टळतील, आणि ही काही लहान गोष्ट नाही. पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणांवरही ती ‘धोकादायक’ असा शिक्का मारेल. म्हणजे अडकवलेल्या २३० पैकी १९० जण काहीही करणार नव्हते! आणि हे त्यांना कधीच सिद्ध करता येणार नाही. सोडलेल्याने गुन्हा केला की बातमी होते. उगाच डांबलेल्याची होत नाही. अधिकाऱ्यांचा कल कुठे जाणार, हे उघड आहे.

हे कागदावरचंच गणित नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ पासून ‘जनतेच्या संरक्षणासाठी’ बेमुदत कैद सुरू झाली. किमान मुदत संपल्यावर, आता आपल्यापासून धोका नाही, हे पॅरोल बोर्डाला पटलं तरच सुटका. काहींची ही मुदत दोन वर्षांहूनही कमी होती. बोर्डाला पटवायचं तर तुरुंगातले सुधारणा-वर्ग पूर्ण करायचे, आणि त्या वर्गांत प्रवेशच मिळेना. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अशा तिघांची त्या काळातली कैद मनमानी ठरवली. त्याच वर्षी ही शिक्षा रद्द झाली, पण ज्यांना आधीच ठोठावली होती त्यांना वगळून. दहा वर्षं उलटल्यावरही त्यातले कित्येक आतच होते.

मोजमापाला माझा विरोध नाही. कुणाला उपचार हवेत, कुणावर देखरेख हवी, कुणाला आज रात्रीच संरक्षण द्यायला हवं, हे ठरवायला ते जरूर वापरा. डांबायचं मात्र केलेल्या कृत्यासाठी, पुराव्यावर आणि मुदत सांगून. अपवाद करायचाच असेल, तर ठरावीक काळाने न्यायालयात फेरतपासणी हवी, कैद्याला वकील हवा आणि धोका सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर हवी. ‘मी धोकादायक नाही’ हे कोठडीत बसून सिद्ध करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? तुम्हाला सांगता येईल?