तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला उत्तर : गॅल्व्हेस्टन, विमा आणि माझी एक चूक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, निम्मी तरी खरी आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन बेटावर भाड्याने राहणाऱ्याने नेहमीची भाडेकरू पॉलिसी, वाऱ्याची वेगळी आणि पुराची वेगळी अशा तिन्ही घ्याव्यात, हा माझा सल्ला एजंटच्या तोंडी शोभतो. तुम्ही यूटीएमबीत, म्हणजे इथल्या वैद्यकीय विद्यापीठात, पोस्टडॉक, जे-वन व्हिसावर, तिसऱ्या मजल्यावर राहता. घरात आयकियाचं सामान, सगळं मिळून जेमतेम सहा हजार डॉलरचं. इमारतीला मालकाचा विमा आहे, कॉम्प्लेक्सवाले दरमहा भाड्याबरोबर विम्याचे पैसे घेतातच, आणि मोठं वादळ आलं तर फेमा, म्हणजे आपत्तीत मदत देणारी केंद्र सरकारची संस्था, आहे.

एजंट मी नाही, कमिशनही कुणाकडून घेत नाही. पण ‘तिन्ही घ्याच’ असं सरसकट लिहायला नको होतं, हे मान्य. आणि तुमच्या नजरेतून सुटलेली एक चूक मीच सांगते. वादळाआधी बेट रिकामं करायचा हुकूम निघाला की हॉटेलचं बिल पॉलिसी भरते, असं मी लिहिलं होतं. ते तसं नाही. नेहमीच्या पॉलिसीत सरकारने घरात राहायला मनाई केली तर साधारण दोन आठवड्यांचा खर्च मिळतो खरा, पण आसपास पॉलिसीत बसणारं नुकसान आधी झालेलं असावं लागतं. वादळ अजून समुद्रात असताना तुम्ही ह्यूस्टनच्या हॉटेलात जाऊन राहिलात तर नुकसान कुठे झालंय? काही कंपन्या जास्तीच्या कलमात हा खर्च देतात, पण ते कलम आपल्या पॉलिसीत आहे का ते बघावं लागतं. माझ्या लेखातलं ते वाक्य आज खोडलं आहे.

आता कॉम्प्लेक्सच्या पैशांबद्दल. लीजसोबतचं ते पान काढून वाचा. बहुतेक ठिकाणी तो विमा तुमच्यापासून इमारतीचं रक्षण करण्यासाठी असतो. तुमच्या कढईतलं तेल पेटून भिंती जळाल्या तर मालकाला पैसे मिळतात. तुमच्या लॅपटॉपचे आणि गादीचे त्यातून काही मिळत नाही. मालकाचा स्वतःचा विमा तर विटा-छपराचा, त्यात तुमचा चमचाही नाही. स्वतःची पॉलिसी घेऊन त्यात एक लाख डॉलरची लायबिलिटी (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) दाखवली की बऱ्याच ठिकाणी हे दरमहाचं कापणं बंद होतं, म्हणजे खर्चात फारसा फरक न पडता सामानही विम्यात येतं.

सहा हजारांचा आकडा मात्र मला पटला नाही. मीही एकेकाळी असंच म्हणायचे. मग एका रविवारी वही घेऊन खोलीखोलीने यादी केली. मिक्सर, कुकर, तीन हिवाळी जॅकेटं, दोन फोन, डेस्क, गाद्या, चष्मे... आकडा अडीचपट झाला. (लग्न झालेल्यांसाठी : मंगळसूत्र आणि बांगड्या चोरीला गेल्या तर साध्या पॉलिसीत दागिन्यांची मर्यादा बहुधा दीड हजार डॉलर असते, आजच्या सोन्याच्या भावात एक बांगडीही येणार नाही. दागिने वेगळे नोंदवावे लागतात.) यादी करताना एकच निवड महत्त्वाची : ‘रिप्लेसमेंट कॉस्ट’ घ्या. नाहीतर पाच वर्षं वापरलेल्या सोफ्याचे पाच वर्षं वापरलेल्या सोफ्याइतकेच पैसे मिळतात.

आता वारा. गॅल्व्हेस्टन परगणा टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या त्या 14 परगण्यांत येतो जिथे खासगी कंपन्या आपल्या पॉलिसीतून वारा आणि गारा अनेकदा वगळतात. 1970 च्या सीलिया वादळानंतर, 1971 मध्ये, विधिमंडळाने याच अडचणीसाठी टेक्सस विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशन, म्हणजे सगळे म्हणतात ती ट्विया, स्थापन केली. ती भाडेकरूच्या सामानाचीही पॉलिसी देते. म्हणून तुमच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींच्या पानावर ‘विंडस्टॉर्म’ आहे का ते आधी बघा. नसेल तर वेगळी घ्यायची गरज नाही. असेल तर वादळी गावात तुम्ही फक्त आग आणि चोरीचा विमा घेऊन बसला आहात. डिडक्टिबलही, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही सोसायचा वाटाही, बघा, कारण वाऱ्यासाठी तो कधी कधी टक्क्यांत असतो. 30,000 च्या सामानावर दोन टक्के म्हणजे पहिले 600 डॉलर तुमचे.

आणि वारा पॉलिसीत असला तरी गोष्ट संपत नाही. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळ आलं, पहिल्याच म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचं. माझ्या झोपायच्या खोलीत खिडकीच्या चौकटीतून रात्रभर पाणी झिरपलं, गादी आणि पुस्तकांचं कपाट भिजलं. बाहेरच्या खोलीत फांदी आपटून काच फुटली आणि टीव्ही गेला. अ‍ॅडजस्टरने, म्हणजे विमा कंपनीच्या नुकसान तपासणाऱ्या माणसाने, टीव्हीचे पैसे मंजूर केले, गादीचे नाही. का? वाऱ्याने भिंतीला, छपराला किंवा काचेला भोक पाडून पाऊस आत आला तरच आतलं सामान विम्यात येतं. धड दिसणाऱ्या चौकटीतून झिरपलेला पाऊस बसत नाही. एकच वादळ, एकच घर. फ्रिजमधल्या मासळीचेही काही मिळालं नाही, कारण वीज आमच्या इमारतीतून नव्हे तर बाहेरून गेली होती.

मग पाणी. जुन्या गावातल्या स्ट्रँड रस्त्यावरून चालताना इमारतींच्या भिंतींवर आइक वादळाच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या कधी बघितल्यात का? 1900 च्या वादळात हजारो माणसं गेल्यावर गावाने समुद्र अडवायला 17 फुटांची भिंत, सीवॉल, बांधली, गावाची जमीनही उचलली. पण 13 सप्टेंबर 2008 ला आइक धडकलं तेव्हा जुन्या गावात पाणी मागून, खाडीच्या बाजूने, आलं. तुमच्या यूटीएमबीचे तळमजलेही बुडाले. पलीकडे बोलिव्हर द्वीपकल्पावर तर कित्येक घरांचा फक्त काँक्रीटचा पाया उरला. मग पुढची काही वर्षं कोर्टात एकच वाद : घर वाऱ्याने नेलं की पाण्याने? वाऱ्याने नेलं असेल तर पैसे ट्वियाने द्यायचे, पाण्याने नेलं असेल तर पूरविम्याने. ज्यांच्याकडे दोन्हीतलं एकच होतं त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. ‘तिन्ही घ्या’ हे माझ्या डोक्यात तिथून आलंय.

पण तुमचा मुद्दा तिसऱ्या मजल्याचा. (इथला तिसरा, म्हणजे आपला दुसरा. तरी उंचच.) सरकारी पूरविमा, एनएफआयपी, भाडेकरूच्या सामानाला एक लाख डॉलरपर्यंत देतो, तेही घसारा कापून. तुमच्या खोलीपर्यंत समुद्र चढणं अवघड आहे, तेव्हा ती पॉलिसी तुम्ही घेऊ नका. तळमजल्यावर असता तर मी हट्टच धरला असता. मात्र पुढचं ऐका. तळाला विजेची पॅनेल बुडाली की इमारत महिनोन्‌महिने बंद राहू शकते. तुमचं सामान कोरडं, पण तुम्ही बाहेर. नेहमीची पॉलिसी हॉटेलचा खर्च देत नाही, कारण नुकसान पुरामुळे झालेलं आहे. एनएफआयपी राहण्याचा खर्च मुळातच देत नाही. खासगी पूरविम्यात कधी मिळतो, पण फक्त त्यासाठी घ्यावा का? मी घेणार नाही. दोन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवेन. आणि टेक्ससचा कायदा लक्षात ठेवेन : घर पूर्ण निरुपयोगी झालं, आणि त्यात तुमचा दोष नसेल, तर लेखी नोटीस देऊन लीज संपवता येते. थोडंच खराब झालं असेल तर मालकाशी तसा लेखी करार नसताना भाडं कमी करून घ्यायला कोर्टात जावं लागतं.

आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, पण गाडी? ती तळाला. भाडेकरू पॉलिसीत गाडी येत नाही. गाडीच्या विम्यात ‘काँप्रिहेन्सिव्ह’ असेल तरच बुडालेल्या गाडीचे पैसे मिळतात. जुनी गाडी म्हणून अनेक विद्यार्थी तेच काढून टाकतात.

राहिलं फेमा. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच एक मुद्दा मला खरोखर काळजीचा वाटला. तात्पुरता निवारा, पाणी, जेवण सगळ्यांना मिळतं, व्हिसा विचारत नाहीत. पण रोख मदत नागरिकांना, ग्रीनकार्डवाल्यांना आणि अशा काही ठरावीक गटांनाच मिळते. एफ-वन, जे-वन, एच-वन यात बसत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो, एरवी नाही. आणि ज्यांना मिळते त्यांनाही ती घर पुन्हा उभं करण्याइतकी नसते. म्हणजे ज्या मदतीच्या भरवशावर तुम्ही विमा टाळताय, ती तुमच्या पासपोर्टवर बहुधा नाहीच.

तुमच्या जागी असते तर मी एक साधी भाडेकरू पॉलिसी घेतली असती, वारा त्यात नसेल तर ट्वियाची जोडली असती, पूर सोडून दिला असता. आणि हे मे संपायच्या आत केलं असतं, कारण वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं की ट्विया नवी पॉलिसी देत नाही. जे तळमजल्यावरचे वाचक हे वाचत असतील त्यांच्यासाठी : पूरविमा सुरू व्हायला 30 दिवस लागतात.

लीजमधलं ते विम्याचं पान सापडलं तर नाव-पत्ता झाकून मजकूर इथे टाका. काय लिहिलंय ते मिळून वाचू.