पाणीच तर मारायचंय!

"अहो, नुसतं पाणीच तर मारायचंय, त्याचे एवढे?" हे ऐकलं की प्रेशर मशीनने सोसायट्यांची आवारं धुऊन देणाऱ्या आमच्यासारख्यांचं डोकंच सटकतं. पावसाळा सरला की सोसायट्यांना पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ दिसायला लागतं, आणि फोनवर पहिला प्रश्न: "स्क्वेअर फुटाला काय घेता?" अहो साहेब, जागा न बघता काय सांगू? नळ किती लांब, पाणी कुठे वाहून जाणार, नुसतं शेवाळ आहे की पार्किंगमध्ये सांडलेलं ऑइल? ऑइल पाण्याने हलत नाही, डिग्रीझर, म्हणजे तेल सोडवणारं रसायन, टाकून थांबावं लागतं. मशीन मिनिटाला दहा लिटर ओढतं, टेम्पोवरची ५०० लिटरची टाकी तासभरही पुरत नाही. प्रेशर जरा जास्त झालं की ब्लॉकच्या फटींतली वाळू उडते. ती परत भरायची आम्हीच, तीही फुकटात! घासाघीस करून भाव पाडला की सेक्रेटरी हळूच म्हणणार, "आलाच आहात तर माझीपण गाडी धुऊन टाका." डिझेल, पोरांची हजेरी, फुटलेला पाइप कोणाच्या खिशातून? वर कोणी नवखा निम्म्या भावात काम उचलतो, भिंतीला नोझल टेकवून रंगाचे पोपडे काढतो, आणि निस्तरायला फोन आम्हालाच. तेही त्या नवख्याच्याच भावात!