उन्हाळ्यात सोलापुरात लेखन कसे करावे

लेखक व्हायचं ठरलंच असेल तर सोलापुरात व्हा, आणि सुरुवात एप्रिलमध्ये करा. पुण्याहून संपादकांचा फोन येईल, "बहावा फुललाय, त्यावर काहीतरी हलकंफुलकं द्या." लगेच हो म्हणा. बहावा आपल्याकडेही फुलतो. पारा ४३ वर असताना तो बघायला कोणी जात नाही, एवढंच.

थोर लोक म्हणतात, पहाटे लिहावं. जरूर लिहा, पण तो पाण्याचा दिवस नाही ना, हे आधी बघा. असेल तर पहिलं वाक्य कागदावर टेकेपर्यंत गल्लीत आरोळी उठते, "पाणी आलं!" तुम्ही कळशी घेऊन धावता. नळातून फुस्स हवा येते, कारण शेजाऱ्यांनी मोटार लावलेली असते. "काका, मोटार बंद करा की!" हे तुमचं त्या दिवसातलं सर्वांत प्रभावी वाक्य. ते लेखात घेता येत नाही.

दुपारी कूलरसमोर बसा. आपली हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडून जाताना गारवा झकास येतो. मात्र हे यंत्र बादल्याच्या बादल्या पितं, आणि नळाला पाणी पाच दिवसांआड. तेव्हा आंघोळ की कूलर, हे ज्याचं त्यानं ठरवावं. (मी कूलर निवडतो. घरच्यांचं मत वेगळं आहे.) कागद उडू नयेत म्हणून वर शेंगाचटणीची बरणी ठेवा. हस्तलिखितावर तेलाचे डाग पडतात, पण बाहेरगावच्या संपादकाला तेवढाच अस्सल सोलापुरी मजकूर मिळतो. वळवाचा एखादा शिडकावा झाला की हवा दमट होते आणि कूलर नुसताच वाफ फेकतो. त्या दिवशी प्रतिभेला रजा द्या.

पाहुण्यांना मात्र रजा नसते. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या तिन्ही देवांच्या वाटेवर आपलं घर, आणि मेमध्ये शाळांना सुट्टी. फोनवर एकच प्रश्न येतो, "तुम्ही काय, घरीच असता ना?" लेखक घरीच असतो, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ते येतात, माठ रिकामा करतात, दोनदा आंघोळ करतात आणि "एवढं उकडतंय तर लिहिता कसं हो?" असं कौतुकानं विचारतात.

एखाद्या संध्याकाळी सत्कारही होईल. नाही म्हणू नये. भर उन्हाळ्यात, बंद पंख्याखाली, भौगोलिक मानांकन मिळालेली जाडजूड सोलापुरी चादर खांद्यावर पडते. वक्ते अर्धा तास बोलतात. तोवर ती काढायची नाही, फोटो व्हायचा असतो.

एवढं करून लेख झाला नाही तर उजनीकडे बघा. ११७ टीएमसीच्या त्या धरणात साधारण ६३ टीएमसी मृत साठा आहे. वरचा उपयुक्त साठा संपून पाणी वजा झालं की आख्खं शहर त्याच्यावर निभावतं. तुमच्याही ड्रॉवरमध्ये असा साठा हवा. गेल्या मेमधला लेख काढा, झटका आणि पाठवून द्या. बहावा तोच, पाहुणे तेच, मोटार तीच.

गेल्या वर्षी पाणी चार दिवसांआड यायचं. तेवढा आकडा मी वर बदलला आहे.