बाबांच्या हातातली बादली

आज दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहू की नको करत रात्र झाली. आता झोप येणार नाही हे कळल्यावर बसले आहे लिहायला. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

दुपारी नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. वयाने मोठ्या, लहानपणापासून मला ओळखणाऱ्या. गप्पा छान चालल्या होत्या. तेवढ्यात मागच्या दारातून बाबा आत आले. हातात रिकामी बादली, कोपरापर्यंत माती, बाहीला दोन-चार वाळकी पानं चिकटलेली. पाहुण्या दिसल्यावर हसले, "बसा, हात धुऊन आलोच" म्हणाले आणि गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच बाई खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "अगं, या वयात बापाला कचऱ्यात हात घालायला लावतेस? बघणारे काय म्हणतील?"

मी गप्प बसले. घरी आलेल्या माणसाला उलट बोलायची सवय नाही. पण तेव्हापासून आत धुमसतंय.

बघणारे काय म्हणतील! बघणाऱ्यांनी ते तीन-चार महिने पाहायला हवे होते, जेव्हा बाबा कशातच हात घालत नव्हते.

तीन वर्षांपूर्वी बाबा पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पट्टी बसली, स्क्रू बसले. पडले कुठे, तर घरात, ओल्या गुळगुळीत फरशीवर. बंदी मात्र आली परसातल्या खताच्या ढिगावर. वीस वर्षं रोज सकाळी स्वयंपाकघरातली सालं-देठं बादलीत घेऊन मागे जाणारा माणूस, त्याच्या हातातली बादली आम्ही काढून घेतली. आम्ही म्हणजे मीच. "बाबा, तुम्ही आता फक्त आराम करायचा," हे वाक्य माझं आहे. दादाने आरामखुर्ची पाठवली, मी ती खिडकीपाशी मांडली, पाठीला उशी दिली. डॉक्टर प्रत्येक वेळी सांगत होते की चालतं-फिरतं ठेवा, झेपेल तितकं काम करू द्या. आम्ही मान डोलवायचो आणि घरी येऊन त्यांना पुन्हा खुर्चीत बसवायचो.

बाबांनी तक्रार केली नाही. ते फक्त वेळ विचारायला लागले. "किती वाजले गं?" पाच मिनिटांनी पुन्हा, "किती वाजले?" समोर भिंतीवर घड्याळ होतं.

इकडे ढीग माझ्याकडे आला. मला वाटायचं, त्यात काय, नेऊन ओतायचं. मी ओतत गेले. ओल्यावर ओलं, त्यावर पुन्हा ओलं. दोन आठवड्यांत असा वास सुटला की मागचं दार उघडवेना. चिलटं घरात शिरली. आता मला कारण माहीत आहे. नुसतं ओलं टाकत गेलं की ते दबून बसतं, आत हवा राहत नाही, आणि हवा नसली की हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. वास त्यांचा असतो. खत होताना वास येतोच, असं जे म्हणतात ते खोटं आहे. नीट चाललेल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. बाबांच्या ढिगाला वीस वर्षं तोच वास होता.

खिडकीतून तो घाण वास बाबांपर्यंत रोज जात असणार. एक शब्द बोलले नाहीत.

आणि मग ती गोष्ट घडली, जी मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नव्हती.

एके दिवशी चादर बदलताना बाबांच्या उशीखाली मला कागदाच्या पट्ट्या सापडल्या. वर्तमानपत्राच्या, बोटभर रुंदीच्या, लांबच लांब फाडलेल्या. गादीखाली हात घातला तर तिथे आणखी, मूठ-मूठ. कपाटात कपड्यांच्या मागे पुठ्ठ्याचे कपटे. मी मटकन खाली बसले. मला वाटलं, झालं, बाबांचं डोकं गेलं. म्हातारी माणसं असं काहीबाही फाडत, लपवत बसतात, हे ऐकलेलं होतं. मी दुसऱ्या खोलीत जाऊन दादाला फोन केला आणि रडले. दादाही हादरला. "कुणाला तरी चांगल्या डॉक्टरांना दाखवू," म्हणाला. आम्ही भावंडं अर्धा तास बाबांबद्दल असं बोललो, जसं ते आता आपले राहिलेच नाहीत. आणि बाबा तिकडे खिडकीत बसून विचारत होते, "किती वाजले?"

त्याच आठवड्यात एका रात्री, पावणेबाराच्या सुमाराला, मागच्या दाराची कडी वाजली. मी धावत गेले. ढिगापाशी बाबा. काठी झाडाला टेकवलेली, टॉर्च उलट्या बादलीवर ठेवलेला, एका हाताने ढिगाच्या कठड्याला धरलेलं आणि दुसऱ्या हातात खुरपं. बाजूला पिशवी, पिशवीत त्या कागदाच्या पट्ट्या.

मी ओरडले. लहान मुलावर ओरडावं तशी. पडलात तर, साप-किरडू असलं तर, आम्ही काय करायचं वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझं मनगट धरलं आणि माझा हात ढिगात खुपसला.

"गरम आहे, बघ."

आत ऊब नव्हती, चांगली धग होती. हात फार वेळ ठेववेना. बाहेर थंडी, आणि त्या सालांच्या नि कागदाच्या पोटात तापलेल्या तव्याजवळ असावी तशी धग. बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत तो चेहरा मी पाहिला नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले दहा-बारा दिवस मागचा वास गेला होता. मला वाटलं होतं, हवा बदलली म्हणून असेल.

ते दिवसभर आमची पाठ वळली की कागद फाडत होते आणि रात्री थोडं थोडं करून माझा बिघडवलेला ढीग दुरुस्त करत होते. ओलं फार झालंय, सुकं घालायला हवं, आणि वाळका पाला आणायला आपल्याला कोणी बाहेर सोडणार नाही, तर घरात सुकं काय आहे? वर्तमानपत्र. एवढा नीट विचार करणाऱ्या माणसाला मी डॉक्टरकडे न्यायला निघाले होते. वेळ का विचारत होते, तेही तेव्हा कळलं. आम्ही झोपायची वाट बघत होते.

हे लिहिताना आजही हात थरथरतात. माझ्याच घरात, माझ्याच बापाला, आपल्या आवडीचं काम चोरून करावं लागलं.

त्या रात्रीनंतर बादली परत गेली. दादाशी दोनदा भांडण झालं, त्याचं अजूनही पटलेलं नाही, नसू दे. वाटेवर खडबडीत फरशा टाकल्या, धरायला कठडा केला, बसून काम करता यावं म्हणून बुटकं स्टूल ठेवलं. खर्च आरामखुर्चीपेक्षा कमी आला. मी बाबांना एक लांब दांड्याचा थर्मामीटर आणून दिला. आता रोज सकाळी ते तो ढिगाच्या पोटात खुपसतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेखाली लिहितात. 48. 55. 61. पंचावन्न अंश सेल्सिअसच्या वर तीन-चार दिवस राहिला की तणाचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात, म्हणून 55 दिसलं की त्याभोवती गोल काढतात. आकडा उतरायला लागला की दाताळ्याने ढीग उलटायचा, आतलं बाहेर, बाहेरचं आत. हवा मिळाली की पुन्हा चढतो. ओल बघायची तर मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा, पिळलेल्या फडक्यासारखं लागावं. धार लागली तर सुकं घाला, सुटून पडलं तर पाणी शिंपडा. पुस्तकात लिहितात की 25 ते 30 भाग कार्बनला (तो सुक्यात जास्त) एक भाग नायट्रोजन (तो ओल्यात जास्त) लागतो. बाबांचं माप सोपं, एक बादली ओलं, दोन-तीन बादल्या सुकं. मी त्यांच्याकडून हे सगळं पन्नाशीला आल्यावर शिकले. वीस वर्षं तो ढीग मागच्या दारात होता आणि मी कधी विचारलं नव्हतं.

बाबा विज्ञान शिकवायचे. परवा माझ्या लेकीला डार्विनची गोष्ट सांगत होते. डार्विनने गांडुळांवर पहिला निबंध 1837 मध्ये वाचला आणि पुस्तक काढलं 1881 मध्ये. तेव्हा तो 72 वर्षांचा होता. पुढच्या वर्षी गेला. त्या म्हातारपणात तो घरात कुंड्यांमधून गांडुळं पाळायचा आणि त्यांना ऐकू येतं का हे बघायला सगळं घर कामाला लावलेलं. कोणी शिट्टी वाजवतंय, कोणी बासून नावाचं फुंकायचं वाद्य वाजवतंय, कोणी पियानो. गांडुळं ढिम्म. पण कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवला तर कंप जाणवून बिळात पळाली. लेक विचारते, "त्यांच्या घरच्यांनी त्यांना आराम करा असं नाही सांगितलं?" बाबा माझ्याकडे बघून हसले. मी मान खाली घातली.

होय, मला माहीत आहे, सगळ्यांना हे जमणार नाही. ज्यांना खरंच उठवत नाही, ज्यांची फुप्फुसं नाजूक आहेत, त्यांनी बुरशीच्या धुळीत जाऊ नये. ढीग उलटताना तोंडाला फडकं हवं, हातांना मोजे हवेत. बाबा मोजे घालत नाहीत, त्यावरून आमची रोज बाचाबाची होते. हेही मान्य की उरलंसुरलं शिजलेलं अन्न टाकलं तर उंदीर येतात, आणि शेजाऱ्यांना त्रास होईल असा ढीग कोणी ठेवू नये. हे सगळं कबूल. पण त्या बाई यातलं काहीच म्हणत नव्हत्या. त्या म्हणत होत्या, बघणारे काय म्हणतील.

कचरा, कचरा काय? सकाळी जे चिरून आपण ताटात घेतो त्याचीच सालं ती. तासाभराने त्याला हात लावायचा तर अप्रतिष्ठा? इंदूरला शंभर वर्षांपूर्वी अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेती-संशोधकांनी खताची रीत नीट बसवली. थरावर थर, वेळच्या वेळी उलटणं, तीन महिन्यांत खत. ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. त्यांनीही हात घातलेच असतील की यात! आणि आपल्या घरातल्या माणसाने घातले की बघणाऱ्यांची भीती.

मला राग याचा येतो की म्हाताऱ्या माणसाचं कौतुक आपण "त्यांना काही करू देत नाही हो आम्ही" असं सांगून करतो. आणि हे सांगताना आपल्याला अभिमान वाटतो. मलाही वाटायचा. त्या चार महिन्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत होते, आणि प्रत्येकजण म्हणत होता, किती करतेस गं बापाचं. उशीखाली पट्ट्या साठत होत्या आणि माझं कौतुक चाललं होतं.

इथवर लिहून थांबले होते. पाणी प्यायला उठले आणि एक गोष्ट आठवली.

बाई निघाल्या तेव्हा बाबांनी त्यांना तयार खताची पिशवी दिली. ते कोणालाही देतात. बाईंनी पिशवी उघडून वास घेतला, चिमूटभर बोटांत चोळून बघितलं. काळं, भुसभुशीत, सालाचं नाव नाही. मग चपला घालता घालता म्हणाल्या, "मी पूर्वी कुंड्या ठेवायचे. आता घरात मला काही करूच देत नाहीत. सून म्हणते, तुम्ही बसा. बसते." मी तेव्हा रागात होते, ऐकून सोडून दिलं. पण त्या पिशवीची गाठ त्यांनी दोनदा मारली आणि ती हातातल्या पर्समध्ये नीट उभी ठेवली, हे आता डोळ्यांसमोर येतंय.

"बसते" म्हणाल्या त्या.

उद्या त्यांना फोन करणार आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. कदाचित एखादी कुंडी घेऊन सरळ जाऊनच येईन, सुनेशीही दोन शब्द बोलेन. ती वाईट नसणार. मीही नव्हते.

दुपारपासूनचा राग आता तेवढा राहिलेला नाही. बाबा झोपलेत. आजच्या तारखेखाली 58 लिहिलंय, गोल काढून.

जाता जाता एक काम. पावसाचे दिवस जवळ आले आहेत आणि त्या दिवसांत आम्हाला सुक्याची फार ओढ लागते. वाळका पाला असेल तर पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा, मी येऊन घेऊन जाईन. जुनी वर्तमानपत्रंही चालतील. गुळगुळीत चकचकीत कागद मात्र नको, साधाच हवा. आणि फाडून देऊ नका. ते बाबा स्वतः करतात.